‘नुसता फॉरमॅट बदलायचे पैसे?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

जत्रेतल्या दहीकाल्याचे, म्हणजे दशावतारी नाटकाचे, रॉ फोटो (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली) तुम्ही आमच्याकडे जेपेग करायला दिले होते. नुसता फॉरमॅट बदलायला दोन दिवस लावले, वर पैसे घेतले, २८ एमबीची फाइल ८ एमबीची करून दिली आणि रंगही कॅमेऱ्यात दिसत होते तसे नाहीत, फुकटच्या वेबसाइटवर हे मिनिटात होतं, असं तुम्ही लिहिलंय. कुडाळात आमच्याकडे असं काम घेऊन बरेच जण येतात, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

आधी रंगांचं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसतो तो कॅमेऱ्याने स्वतःच्या अंदाजाने बनवलेला जेपेग असतो, रॉ फाइलच्या पोटातच ठेवलेला. खरी रॉ म्हणजे सेन्सरने (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपने) मोजलेला प्रकाश. एकेका पिक्सेलने लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजलेला असतो, उरलेले दोन आजूबाजूच्या पिक्सेलवरून काढावे लागतात. व्हाइट बॅलन्सची, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग किती सावरायचे याची, तर त्यात फक्त नोंद असते, तो ठरवायचा आपण. तुमच्या फोटोंत एका बाजूला देवळाची पांढरी ट्यूब आणि दुसऱ्या बाजूला पिवळा हॅलोजन होता. कॅमेऱ्याच्या हिशोबात राजाचा रंगवलेला चेहरा पार पिवळाधमक झाला होता. आम्ही तो पिवळेपणा काढला आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. तरीही तुम्हाला तो हवा असेल तर त्याच रॉमधून परत करून देऊ, पैसे लागणार नाहीत.

नाटकातल्या संकासुर राक्षसाचा फोटो जरा मोठा करून बघा. अंगावर काळे कपडे, मागे काळोख. कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये दोन्ही मिळून एकच काळा डाग होता. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तुमच्या १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. कपड्यांच्या चुण्या त्या जादा पायऱ्यांतून वर काढल्यात. हे बेताने करावं लागतं, थोडं जास्त झालं की अंधारात रंगीत दाणे दिसायला लागतात. असा प्रत्येक फोटो उघडून बघावा लागतो. दोन दिवस त्यात गेले आणि पैसेही त्याचेच घेतले.

फाइल लहान होणारच, जेपेग दाबूनच साठवतो. २४ मेगापिक्सेलच्या या फोटोचा १२ बाय १८ इंची प्रिंट स्वच्छ येईल. पुढे अजून एडिटिंग करायचं असेल तर १६ बिटची टिफ (जास्त पायऱ्या जपून ठेवणारी मोठी फाइल) मागा, पण ती एकेक १४४ एमबीच्या आसपास जाते.

फुकटात करायला काहीच हरकत नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी हे दोन्ही प्रोग्रॅम मोफत आहेत आणि उत्तम आहेत. शिकायचे असतील तर दुपारी दुकानात गर्दी नसते, या, दाखवतो. वेबसाइटचं मात्र जपून. काही साइट फाइलच्या पोटातला जेपेगच काढून हातात देतात, शिवाय घरच्या बायकामुलांचे फोटो कोणाच्या सर्व्हरवर जातात ते कळत नाही.

तुमच्या मूळ रॉ फाइलींना आम्ही हात लावलेला नाही, पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत. कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करण्याआधी, म्हणजे पुसून कोरं करण्याआधी, त्या आणखी एका ठिकाणी कॉपी करून ठेवा. जेपेगवरून रॉ परत बनवता येत नाही.