गुलाबी पाणी

ग्वाल्हेरच्या थंडीचा आम्हा तिथल्या लश्कर भागातल्या मंडळींना फार अभिमान आहे. जानेवारीत पुण्याचे पाहुणे आले की पारा 3 अंशांवर उतरल्याचे आम्ही अशा थाटात सांगतो, जणू तो आम्हीच उतरवला आहे. त्यामुळे ऑक्टोबरअखेरच्या एका रविवारी संध्याकाळी मिनेसोटाहून चिरंजिवांचा व्हिडिओ कॉल आला आणि "बाबा, आरव्हीचे नळ हिवाळ्याआधी कोरडे करायचेत, जरा बघता का?" असे त्याने विचारले, तेव्हा डोक्यावर पंखा फिरत असूनही मी तत्काळ होकार दिला. पाणीपुरवठ्याच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला चाकांवरच्या घराचे दोन नळ जड वाटण्याचे कारणही नव्हते.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, आणि तिकडे पारा शून्याखाली 20 पर्यंत सहज जातो. एखाद्या सांध्यात वाटीभर पाणी राहिले तरी तो तडकतो, आणि हे कळते बर्फ वितळल्यावर. म्हणून टाक्या रिकाम्या करायच्या, हीटर गार झाल्यावर त्याचे बूच काढून पाणी सोडायचे आणि मग पंपाने गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे सहजी न गोठणारे द्रव, सगळ्या नळ्यांतून फिरवायचे. हे प्रॉपिलीन ग्लायकॉल असते. गाडीच्या रेडिएटरमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी, ते इथे चालत नाही, हे मी त्याला तीनदा बजावले. तिकडे तेव्हा सकाळ होती; कॅनमधला रंग पाहून हिने "सकाळी सकाळी सरबत कसले करतोय?" असे विचारले, तेव्हा यात बायकांनी पडू नये, असेही मी बजावले.

गार नळातून गुलाबी धार आली. गरम नळ मात्र नुसता फुसफुसत राहिला. एकेका गॅलनचे दोन कॅन संपले, तिसरा निम्म्यावर आला, तरी थेंब नाही. मी ठामपणे गळतीचे निदान केले आणि मुलाला टॉर्च देऊन पलंगाखाली घातले. त्याने फोन कुठेतरी टेकवला होता, त्यामुळे पुढची वीस मिनिटे मला त्याची एक टाच आणि भोक पडलेला मोजा एवढेच दिसत होते.

"आपला गिझर नवा बसवला, तेव्हा नळाला पाणी किती वेळाने आले होते?" मेथी निवडता निवडता हिने विचारले.

टाच थबकली. हीटरमागची बायपासची, म्हणजे हीटरला वगळून थेट नळाकडे वाट देणारी, चावी फिरवायची राहिली होती, आणि बूच लावलेला तो 6 गॅलनांचा, म्हणजे जवळजवळ 23 लिटरांचा हीटर आमचे अडीच कॅन मुकाट्याने पिऊन बसला होता. चावी फिरवताच उरलेल्या अर्ध्या कॅनात गरम नळ गुलाबी झाला. मी म्हणालो, "मी तेच सांगणार होतो." कोणी काही बोलले नाही.

रात्री साडेअकराला पुन्हा फोन वाजला. "बाबा, गाडीच्या बाहेरच्या बाजूला एक शॉवर आहे, त्यातून काही सोडलेच नाही. आई जागी आहे का?"

मी फोन हिच्या हातात दिला.