"मास्तरांनी मास्तरकीच करावी": त्या कमेंटला उत्तर

शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नेते प्रा. एन. डी. पाटील सरांवरच्या माझ्या पोस्टखाली रविवारी रात्री साडेअकराला एक लांबलचक कमेंट आली. नाव नाही, फोटो नाही, म्हणून आपलं साहेब म्हणतो, बाई असाल तर माफ करा. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सरांनी वर्गात मोजून तीन-चार वर्षं काढली आणि "प्राध्यापक" मात्र जन्मभर लावलं. आमदारकीचं साल मी चुकीचं टाकलं. शरद पवारांचे दाजी नसते तर रयत शिक्षण संस्थेचं चेअरमनपद दिसलं नसतं. विनाअनुदानित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणाऱ्या, कॉलेजांचं पीक आलं तेव्हा हे काय करत होते. आणि जाता जाता, "मास्तरांनी मास्तरकीच करावी, भक्तांनी आरत्या ओवाळाव्यात."

आधी माझी चूक. कोल्हापूरची आमदारकी मी १९८० पासून लिहिली होती, ती १९८५ ते ९०. बरोबर आहे तुमचं, दुरुस्त केलंय. विधान परिषदेची १८ वर्षं त्याच्या आधीची, ती मी बरोबरच लिहिली होती, पण ते तुम्हाला दिसलं नाही. आणि एक साल चुकलं हे सांगायला "अभ्यास न करता खरडता" कशाला म्हणावं लागतं? १२ वर्षं लिहितोय इथं, एक रुपया मिळत नाही, जाहिराती पण लावलेल्या नाहीत. साधं "साल तपासा" म्हटलं असतं तरी कळलं असतं मला.

आता ते "तीन-चार वर्षं". १९५४ ला सर साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात लागले ते ५७ पर्यंत, मग १९६० ला इस्लामपूरच्या कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेजचे प्राचार्य. बेरीज करायला बसलो तर आकडा तुमच्याच जवळ जातो, जाऊ दे. पण साताऱ्यात ते नुसते प्राध्यापक नव्हते हो, "कमवा आणि शिका" योजनेचे प्रमुख होते, वसतिगृहाचे रेक्टर होते. हे तुम्ही एका ओळीत उडवलंत म्हणून विचारतो, कमवा-शिका तुम्ही केलंय का कधी? मी केलंय. साताऱ्यात नाही, दुसरीकडं, पण पद्धत तीच. पहाटे साडेपाचला उठायचं, झाडांना पाणी घालायचं, बादलीची कडी बोटाला रुतायची, मग हजेरीच्या वहीत तास मांडायचे आणि महिन्याला ते पैसे मेसच्या बिलात वळते व्हायचे, हातात काही यायचं नाही. आमच्या रेक्टरांना कुठल्या पोराची घरून मनिऑर्डर आली नाही हे त्या पोराच्या आधी माहीत असायचं, आणि ते वर्ग संपला म्हणून घरी जायचे नाहीत. असल्या माणसाची नोकरी वर्षांत मोजायची? मोजा, तुमची वही, तुमची पेन्सिल.

आणि "लावलं" म्हणजे काय? शेकापवाले त्यांना भाई म्हणायचे, रयतवाले सर म्हणायचे. लोकांनी म्हटलं. शहरातल्या रस्त्यांच्या टोलविरोधी आंदोलनात कोल्हापुरात मी त्यांना ऐकलंय, मागं उभा होतो, ऐंशी ओलांडलेला माणूस कराराचे आकडे असे मांडत होता जणू पुढं फळा आहे. माझ्या शेजारचा रिक्षावाला शेंगा खायचा थांबला होता. घोषणा कमी आणि हिशेब जास्त. १९७८ ला पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात सहकारमंत्री झाले आणि फेब्रुवारी ८० मध्ये सरकारच बरखास्त झालं, म्हणजे लाल दिवा दोन वर्षं पण पुरला नाही. मग लढे, एन्रॉनचा वीज प्रकल्प, रायगडचा सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र), सीमाप्रश्न, हा टोल. तो २०१५ ला गेला एकदाचा. राजकारण म्हणा की मास्तरकी, मला तरी त्यात फरक दिसला नाही.

दाजींचं म्हणाल तर हो, सरोजमाई पवारांच्या सख्ख्या बहीण, लपवलंय कुणी? पण एन्रॉनचा करार झाला १९९३ ला, मुख्यमंत्री कोण होतं ते बघा, आणि रस्त्यावर विरोधात कोण होतं ते पण बघा. घरातल्या माणसाच्या विरोधात झेंडा घेऊन उभं राहायला काय लागतं हे घरात बसून कमेंट टाकणाऱ्याला नाही कळायचं. बोललो, आता राग मानू नका.

खरं सांगू का, मला हे लागलं त्याला कारण आहे. मी सहा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबानं, शिकवलंय, मे महिन्यात पगार नाही, दिवाळीत नाही. एका संस्थेत कायम जागेसाठी मुलाखतीला गेलो, नाव नाही सांगत, तर विषयावर एकच प्रश्न विचारला आणि मग अध्यक्षांनी फाईल मिटून शांतपणे विचारलं, "बाकी तयारी किती आहे?" मी येडा, म्हटलं नेट परीक्षा झालीय सर. सगळे हसले, विचारलं होतं पैशांचं. ते अध्यक्ष पण शिक्षणातून राजकारणात गेलेलेच होते, आणि त्यांच्या नावामागं पण "प्राचार्य" होतं. म्हणून तुम्ही सरांना त्याच रांगेत बसवलंत की मला राहवत नाही.

विनाअनुदानितचा मुद्दा मोठा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. तूर्त एवढंच की ते धोरण १९८३ चं, आणि तेव्हा सर कुठल्याच सभागृहात नव्हते. पुढं आमदार झाल्यावर काय केलं वगैरे तुमचं राहू द्या, सगळंच एका उत्तरात होत नाही.

साल बदललंय, पेज रिफ्रेश करून बघा. आणि पुढची कमेंट नाव लिहून टाका, बिननावाची मी अप्रूव्ह करणार नाही.