नो फिश व्हॉटसोएव्हर

आमच्या वहिनींनी हर्णैजवळच्या घरी पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय सुरू केली आणि इंग्रजी येणारा म्हणून निरोपांचं खातं माझ्या गळ्यात पडलं. मराठी पाहुण्याला "पावसात मासे नाहीत हो" एवढं सांगितलं की तो फार तर "मग सुकं काही?" विचारतो. त्याला ठाऊक असतं, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, बंदरावरचा लिलाव बंद. पण जुलैत इंग्लंडहून एक जोडपं यायचं ठरलं आणि त्यांनी पहिलंच विचारलं, ताजी मासळी कोणकोणती मिळेल?

मी लिहिलं, नो फिश. उत्तर आलं, नॉट इव्हन अ लिटल?

पुतणी रत्नागिरीला इंग्रजी घेऊन बी.ए. करते. ती म्हणाली, "काका, नुसत्या 'नो'ला वजन नसतं. 'नो फिश ॲट ऑल' म्हणा. नाहीतर 'नो फिश व्हॉटसोएव्हर'." हा व्हॉटसोएव्हर सगळं बोलून झाल्यावर मागाहून येतो, पंगती उठल्यावर उगवलेल्या व्याह्यासारखा, आणि मान मात्र त्यालाच जास्त.

मला जोर चढला. मी 'कम्प्लीटली नो फिश' लिहिलं. चालत नाही म्हणे. 'ॲब्सोल्यूटली नो' चालतं, 'कम्प्लीट लॅक' चालतं, 'टोटल ॲबसेन्स' चालतं. का? "असंच म्हणतात." यापुढे व्याकरणाचा इलाज नाही.

बरं, प्रत्येक अभावाचं मापही वेगळं. पुरावा नसला तर 'श्रेड' नाही, झोप नसली तर 'विंक' नाही, अंगावर कपडा नसला तर 'स्टिच' नाही, पाणी नसलं तर 'ड्रॉप' नाही. (हा ड्रॉप मी मे महिन्यासाठी जपून ठेवलाय. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सगळा जांभ्यातून निसटतो आणि मेमध्ये विहिरीवर टँकर.) आपणही खिशात चिटपाखरू नाही असं म्हणत नाही, हे कबूल; पण ते कुणी शिकवावं लागत नाही.

"मग माशाचं माप काय?"

तिने बराच विचार केला. "माशाला स्वतःचं असं काही नाही. 'नॉट अ सिंगल'वर भागवा."

एक 'स्वीट फॅनी ॲडम्स'ही सापडलं. १८६७ साली इंग्लंडात ऑल्टन गावी या नावाच्या लहान मुलीचा खून झाला. पुढे नौदलात डब्यातलं मटण मिळू लागलं, तेव्हा खलाशांनी त्याला तिचं नाव ठेवलं आणि हळूहळू त्याचा अर्थ 'काही म्हणजे काही नाही' असा झाला. जेवणाच्या चौकशीला हे उत्तर पाठवायचं म्हणजे पाहुणा मुंबईहूनच परत जायचा.

शेवटी फोनच लावला. मासे नॉट अ सिंगल वन, लाइट गेली की पिच डार्क, मोबाइलला नो सिग्नल व्हॉटसोएव्हर, असं सगळं खणखणीत सांगितलं. पुतणी शेजारी बसून मान डोलावत होती. समुद्र खवळलेला, किनारा ओसाड, तेही सांगावं म्हणून मी म्हटलं, "अँड नॉट अ सोल ऑन द बीच."

पलीकडून आवाज आला, "दॅट्स ऑलराइट, वी प्रिफर पॉम्फ्रेट."

पुतणीने कपाळाला हात लावला. सोल म्हणजे माणूस, आणि सोल म्हणजे आपला लेपाही. कानाला दोन्ही सारखेच. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मासे, लाइट, सिग्नल, माणसं. या खेपेला व्हॉटसोएव्हर चौघांनाही लावला. क्षणभर शांतता. मग ते गृहस्थ आनंदाने म्हणाले, "नो प्रॉब्लेम व्हॉटसोएव्हर!"

"काय म्हणतायत?" वहिनींनी आतून विचारलं.

"येतायत."

"बरं. सोडे आहेत, भिजत घालते. तू त्यांना फक्त तिखट चालतं का तेवढं विचार."

मी फोन पुतणीकडे दिला.