‘येथे क्लिक करा’वाल्या सल्ल्याचं काय करायचं?

ॲप आणि वेबसाइटसाठी मजकूर लिहिणाऱ्यांमध्ये एक सल्ला बराच फिरतोय. मदत विभागातल्या लिंकना काय नाव द्यायचं यावर डोकं शिणवू नका, असं तो सांगतो. ‘येथे क्लिक करा’ लिहा, मेनूत एकेकच शब्द ठेवा, सगळं तीन क्लिकांत बसवा, उरलेलं सर्च बघून घेईल. चारही मुद्दे मला पटत नाहीत, पण चारही सारखेच चुकीचे आहेत असंही नाही. उदाहरणाला बँकेचं ॲप घेऊ. तिथल्या मदत विभागात कुणी हौसेने जात नाही.

‘“येथे क्लिक करा” म्हटल्याशिवाय लोक दाबत नाहीत.’

लिंक लिंकसारखी दिसत नसेल तर लोक दाबत नाहीत, हे खरं. त्यावर उपाय रंग आणि अधोरेखा हा आहे. ‘कार्ड हरवल्यास ते बंद करण्यासाठी येथे क्लिक करा’ या अख्ख्या वाक्यात रंग चढतो तो नेमका सगळ्यात पोकळ शब्दावर. दृष्टिहीन वापरकर्त्याची अडचण त्याहून मोठी. एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरमध्ये (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पानावरच्या फक्त लिंकची यादी काढता येते, आणि कित्येकजण तशीच काढतात. त्या यादीत ऐकू येतं: येथे, येथे, अधिक वाचा, येथे. लिंकचा उद्देश तिच्या मजकुरातून, निदान आजूबाजूच्या संदर्भातून कळला पाहिजे, ही २००८ सालच्या डब्ल्यूसीएजी २.० या वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतली अट आहे, आणि तीही सर्वांत प्राथमिक ‘ए’ स्तरावरची. नुसतं ‘हरवलेलं कार्ड बंद करणे’ एवढीच लिंक ठेवली तर शब्दही वाचतात.

‘मोबाइलवर जागा नसते, नाव एका शब्दाचं हवं.’

सगळ्यात जास्त नुकसान या मुद्द्याने होतं. सेवा, व्यवहार, सुरक्षा, धोरणे, इतर. आता यूपीआयवरून पैसे कापले गेले, पण समोरच्याला पोहोचले नाहीत, तर माणसाने यातलं काय दाबायचं? रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार असे पैसे फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ही माहिती ‘धोरणे’खाली ठेवली की ती असून नसल्यासारखी. ‘पैसे कापले, पण पोहोचले नाहीत’ हे नाव फोनवर फार तर दोन ओळी घेईल. घेऊ दे की! (‘इतर’ हे नाव तर वाचकासाठी नसतंच, तो बनवणाऱ्याचा कंटाळा असतो.)

शिवाय हा एक शब्द निवडतो कोण? कार्यालयात बसलेला माणूस. संशोधक जॉर्ज फर्नास आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की एकाच गोष्टीला दोन माणसं आपणहून तोच शब्द वापरतील याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. कार्ड बंद करण्याला बँकेतले लोक ‘हॉटलिस्टिंग’ म्हणतात, एसटी स्टँडवर पाकीट मारलं गेलेला माणूस ‘कार्ड बंद करा’ म्हणतो. लिंकवर त्याचे शब्द ठेवून आतल्या पानाला ‘हॉटलिस्टिंग’ असं शीर्षक दिलं तरी घोळ होतोच. चुकीच्या पानावर आलो असं वाटून तो मागे फिरतो. म्हणून लिंक आणि शीर्षक एकाच भाषेत बोललं पाहिजे.

मराठीत एक सोय आपोआप मिळते. ‘कार्ड बंद करणे’, ‘कार्डाचा पिन बदलणे’, ‘चेकबुक मागवणे’ यांत कामाची वस्तू आधी येते आणि डावीकडून खाली उतरणारी नजर तिच्यावरच पडते. मात्र प्रत्येक नावाआधी ‘आपल्या’ लावायची औपचारिकता केली की ही सोय वाया गेली.

‘काहीही तीन क्लिकांत मिळालं पाहिजे.’

ऐकायला छान, पण आधार तपासला की ढासळतं. जोशुआ पोर्टर यांनी २००३ मध्ये वापरकर्त्यांच्या क्लिकांची नोंद तपासली, तेव्हा तिसऱ्या क्लिकनंतर लोक सोडून जातात असं काही आढळलं नाही. पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड या संशोधकांनी ‘माहितीचा गंध’ ही कल्पना मांडली ती इथे उपयोगी पडते: आपण जवळ जातोय असं प्रत्येक पायरीवर वाटत राहिलं की माणूस पुढे जात राहतो. तीनचा हट्ट धरला की एकेका पानावर चाळीस लिंक कोंबाव्या लागतात. नेटवर्क रडतखडत चालतं तिथे पानं कमी असलेली बरी, एवढं मान्य.

‘सर्च आहे, चॅटबॉट आहे, मेनू वाचतो कोण?’

सर्चमधून पुढे येते तीही नावांची यादीच, आणि चॅटबॉटही शेवटी एखादी लिंकच हातात ठेवतो. पानाचं नाव ‘हॉटलिस्टिंग’ असेल आणि मजकुरात ‘हरवलं’ हा शब्दच नसेल, तर साधा सर्च ‘कार्ड हरवलं’ला शून्य उत्तरं देतो. सर्चचा खरा उपयोग दुसराच आहे. लोक त्या चौकटीत काय टाइप करतात याची नोंद मागवून घ्या, रोमन लिपीतल्या मराठीसकट. शून्य उत्तरं मिळालेले शोध आधी वाचा आणि मेनूतली नावं त्यातून उचला. मग बँकेबाहेरच्या चार माणसांना आतली पानं न दाखवता फक्त तो मेनू दाखवा आणि विचारा, ‘पैसे कापले पण पोहोचले नाहीत, कुठे दाबाल?’