चिमणी, टॉवर आणि दरवर्षीचा तोच मेसेज

मार्चची वीस तारीख जवळ आली की मोबाइलवर चिऊताई यायला लागते. त्या दिवशी जागतिक चिमणी दिन. मेसेज दरवर्षी तोच असतो, फक्त ‘फोर-जी’च्या जागी आता ‘फाइव्ह-जी’ आलंय. मजकूर थोडक्यात असा: टॉवरच्या लहरींमुळे चिमणीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर येत नाही, त्यामुळे देशातल्या चिमण्या संपत आल्यात, चिमणी जन्मली ती जागा कधीच सोडत नाही, म्हणून तिला पळूनही जाता येत नाही, चीनने चिमण्या मारल्या आणि दुष्काळ ओढवून घेतला, तेव्हा गॅलरीत मूठभर तांदूळ टाका आणि हे दहा जणांना पाठवा. पाठवायचं अर्थातच टॉवरमार्फत. यंदा हा मेसेज मला तीनदा आला, त्यातला एक सख्ख्या मावशीकडून. म्हणून एकदाचं बसून उत्तर लिहितोय.

आधी ‘संपत आल्यात’चं बघू. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल २०२० मध्ये आला. हजारो हौशी पक्षीनिरीक्षकांनी ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या नोंदींवर तो उभा होता. त्यात दिसलं ते असं की गेल्या पंचवीसेक वर्षांत देशभरात चिमणी साधारण टिकून आहे. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूरु आणि हैदराबाद या सहा महानगरांत मात्र ती खरोखरच घटलीय. मेसेज फिरवणारे बरेच जण याच शहरांतले, त्यामुळे आपल्या खिडकीतून जेवढं दिसतं तेवढाच देश, असं झालंय. एखाद्या लहान गावातल्या किराणा दुकानासमोर दहा मिनिटं उभं राहावं, म्हणजे कळेल.

आणि हा काही नाजूक पक्षी नव्हे. मूळचा युरोप, आशिया आणि उत्तर आफ्रिकेचा. १८५१ च्या सुमाराला कुणीतरी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये नेऊन सोडला, तर त्याने अख्खी अमेरिका व्यापली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, सगळीकडे तो माणसाच्या मागोमाग पोचला. इंग्लंडमधल्या एका कोळशाच्या खाणीत, जमिनीखाली सहाशे मीटरांहून खोल, सत्तरच्या दशकात चिमण्या राहत होत्या. खाणकामगार त्यांना खायला घालायचे.

आता मुख्य आरोपी, टॉवर. इथे लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्सचे आकडे फार बोलके आहेत. मॅक्स निकल्सन या पक्षी अभ्यासकाने १९२५ साली त्या बागेत चिमण्यांची मोजदाद केली, तेव्हा २,६०३ भरल्या. त्याच बागेत १९४८ मध्ये ८८५, १९७५ मध्ये ५४४, १९९५ मध्ये ४६ आणि २००० मध्ये फक्त ८. ब्रिटनमध्ये मोबाइल सेवा सुरू झाली १९८५ च्या जानेवारीत. म्हणजे पहिला मोबाइल वाजायच्या दहा वर्षं आधीच पाचांतल्या चार चिमण्या गेलेल्या होत्या. पहिली मोठी घसरण रस्त्यावरचे घोडे नाहीसे झाले तेव्हाची. तोबऱ्यातून सांडणारे ओट आणि लिदीतले न पचलेले दाणे यांवर शहरातल्या चिमण्या पोसल्या जात होत्या. मोटारी आल्या, दाणे गेले. आपल्याकडेही टांगे गेले, सुटं धान्य जाऊन पाकिटं आली, अंगणात सुपाने पाखडणं संपलं. पण याचा कुणी मेसेज करत नाही, कारण त्यात खलनायक सापडत नाही.

टॉवरवाल्यांची बाजूही सांगतो, नाहीतर हा प्रतिवाद कसला. बेल्जियममधला २००७ चा एक अभ्यास आहे: जिथे लहरींची तीव्रता जास्त होती तिथे चिमणे कमी दिसले. खरंय. पण टॉवर जिथे दाट तिथे काँक्रीटही दाट आणि झुडपं विरळ असणार, मग दोष नेमका कुणाचा, हे अशा मोजणीतून सुटत नाही. आपल्या पर्यावरण मंत्रालयानेही २०१० मध्ये यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. भारतात या विषयावर फारसं संशोधनच झालेलं नाही, असं तिनेही नोंदवलं. सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आधीच्या एक दशांशावर आणली गेली, ती सावधगिरी म्हणून ठीकच आहे. संशय घ्यायला माझी ना नाही. ‘सिद्ध झालंय’ असं ठोकून देण्याला आहे.

आता ते न फुटणारं अंडं. आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडला लागून एका लॉजच्या गच्चीवर टॉवर आहे. स्टँडच्या पत्र्याखाली लोखंडी नळ्यांची उघडी तोंडं आहेत आणि त्यातल्या जवळपास प्रत्येकीतून गवताची काडी लोंबते. गेल्या वर्षी गाडी दीड तास उशिरा होती, तेव्हा मी एका नळीखालीच बसून होतो. चिमणी शेजारच्या भाजीवाल्याच्या टोपलीकडे जायची, मेथीच्या जुडीत मान घालायची आणि चोचीत हिरवी अळी धरून परत यायची. ती आली की नळीतून पिवळ्या कडांच्या तीन चोची बाहेर. चिमणा, तो काळ्या गळपट्ट्याचा, पाळी असल्यासारखा अधूनमधून यायचा. एका स्टँडवरून टॉवर निर्दोष ठरत नाही, मान्य. पण त्या नळीतली अंडी तरी फुटली होती.

यातली खरी गोम त्या अळीत आहे. चिमणी एका वेळी तीन ते पाच अंडी घालते, साधारण अकरा ते चौदा दिवस उबवते, पुढे दोनेक आठवड्यांत पिल्लं उडतात, आणि वर्षातून दोन-तीनदा हा संसार मांडते. मोठी चिमणी दाण्यावर जगते, पण पिल्लाला सुरुवातीचे दिवस किडेच लागतात: अळ्या, मावा, कोळी. इंग्लंडच्या लेस्टर शहरातला एक अभ्यास २००८ मध्ये छापून आला. तिथे अंडी फुटत होती, अडचण त्यानंतर सुरू व्हायची. पिल्लं उपासमारीने मरत होती. ज्यांच्या पोटात किड्यांऐवजी दाणापाला जास्त गेला, ती वजनाला कमी भरली आणि जगली कमी. सोसायटीच्या बागेत विदेशी शोभेची झाडं, कापलेलं लॉन आणि महिन्याला एक फवारणी असेल, तर चिमणीने अळी आणायची कुठून?

‘जन्मली ती जागा कधीच सोडत नाही’ हे महाराष्ट्रातल्या चिमणीबाबत बरंचसं खरं आहे. आपली चिमणी बारमाही, फार तर काही किलोमीटर सरकते. म्हणूनच एखाद्या वस्तीतून ती गेली की पटकन परत भरून येत नाही. पण ‘कधीच’ चूक आहे. हिच्याच जातकुळीतली ‘बॅक्ट्रियानस’ ही उपजात मध्य आशियात पिल्लं वाढवते आणि हिवाळ्यात पाकिस्तानात व वायव्य भारताच्या सपाटीवर उतरते. कझाकस्तानातल्या चोकपाक खिंडीत पक्षी पकडून ओळखीसाठी त्यांच्या पायात कडी अडकवायचं काम वर्षानुवर्षं चालतं, तिथे ये-जा करणाऱ्या या चिमण्या मोठ्या संख्येने जाळ्यात येतात. तिथल्या अभ्यासकांनी तिला दिलेलं नाव ऐका: ‘भारतीय चिमणी’. त्यांच्याकडे बारा महिने घरात राहणारी चिमणी निराळी. आपण जिला घरकोंबडी समजतो, तिची बहीण दर हिवाळ्यात परदेशवारी करते.

चीनचं प्रकरण १९५८ चं आणि खरं आहे, फक्त पक्षी दुसरा. तिथे मारल्या गेल्या त्या मुख्यतः वृक्षचिमण्या. डोकं तपकिरी, गालावर काळा ठिपका, आणि नर-मादी सारखेच दिसतात. दुष्काळालाही चिमण्यांपेक्षा मोठी कारणं होती.

राहिला मूठभर तांदूळ. तो मोठ्या चिमणीसाठी बरा आहे, पिल्लाच्या कामाचा नाही. पूर्वी भिंतीवर तिरक्या टांगलेल्या तसबिरीमागे, वळचणीला, कौलाखालच्या वाशांत तिला फट मिळायची, ती आता मिळत नाही. तेव्हा लाकडी खोपा लावायचा तर भोक सव्वा इंचाचं ठेवा, फार मोठं केलंत तर साळुंकी शिरते. दुपारचं ऊन थेट येईल अशा भिंतीवर नको. आणि एकटा-दुकटा लावू नका, चार-पाच जवळजवळ लावा, तिला शेजार लागतो.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “ते राहू दे रे, तांदूळ टाकू की नको तेवढं सांग.” म्हटलं, टाक. पण कुंडीतल्या जास्वंदीवर मावा पडलाय म्हणून परवा तू औषध आणलंस ना, ते नको मारू. चार दिवस जरा पाने चिकट होतील.