45 दिवसांचं ठीक, कटतीचं काय?

विदर्भातल्या जिनिंगवाल्यांच्या आणि दालमिलवाल्यांच्या बैठकीत सध्या एकच विषय चालतो: पैसे कधी मिळणार. 1 एप्रिल 2024 पासून आयकरात तरतूद आली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही, तर तो खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा मिळतो. लेखी करार असेल तर मुदत जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. पाठोपाठ 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर उचल देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, नोंदणी सक्तीची झाली. तिथे खरेदीदाराने मान्य केलेल्या बिलावर बँका बोली लावतात आणि विकणाऱ्याला मुदतीआधी पैसे मिळतात. कोणी म्हणतं, लहान उद्योग वाचले. कोणी म्हणतं, गिरण्या आता लघुउद्योग म्हणून नोंदणी नसलेल्याकडूनच माल उचलतील. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

मी लंडनमध्ये याच धंद्याच्या दुसऱ्या टोकाला बसलोय. कंपन्यांची येणी विकत घेणाऱ्या बँकेसाठी करारनामे वाचणं हे माझं काम. इथून पाहताना वाटतं, की गावाकडचा वाद निम्म्याच प्रश्नावर चाललाय. पैसे कधी येणार यावर सगळे तावातावाने बोलतात, पण किती येणार हा प्रश्न कोणी काढत नाही.

माझ्या चुलतभावाची जिनिंग वणीच्या बाजूला आहे. त्याने दाखवलेला एक हिशोब सांगतो. 170 किलोच्या 100 गाठी, म्हणजे 17,000 किलो रुई, खंडीत (खंडी म्हणजे सुमारे 356 किलो) पावणेअठ्ठेचाळीसच्या वर. 55,000 रुपये खंडीने जीएसटी सोडून बिल झालं साधारण 26 लाख 29 हजार. खात्यात पडले 25 लाख 91 हजार. सोबत व्हॉट्सॲपवर एका चिठ्ठीचा फोटो: वजनघट, ट्रॅश, ओलावा, रेट डिफरन्स. कशाचे किती, ते नाही. खाली एकच बेरीज. ‘रेट डिफरन्स’ हा शब्द तर मोठा गमतीचा आहे. सौद्यानंतर बाजार उतरला, की गिरणीच्या लॅबला रुईत अचानक कचरा दिसायला लागतो.

भाऊ म्हणाला, "पैसे त एक्केचाळिसाव्या दिवशीच आले, कायदा पाळला त्याईनं. पण अडतीस हजार कुठं गेले हे विचारू कोनाले?"

या अडतीस हजारांना आमच्या करारांत डायल्यूशन म्हणतात, आणि त्याच्या व्याख्येत पानंच्या पानं जातात. बिलाची जी रक्कम खरेदीदार बुडाल्यामुळे नव्हे, तर दुसऱ्या कुठल्याही कारणाने रोख होऊन येत नाही, ती सगळी त्यात मोडते: परत आलेला माल, कमी भरलेलं वजन, दर्जाची कटती, चुकलेला भाव, लवकर पैसे दिल्याचा वटाव, खरेदीदाराने परस्पर वळती केलेली जुनी बाकी. मग घासाघीस सुरू होते ती काय वगळायचं यावर. चुकलेलं बिल रद्द करून त्याच मालाचं नवं फाडलं, तर ती क्रेडिट नोट, म्हणजे बिल कमी केल्याचा कागद, मोजायची का? विकणारा म्हणतो नाही, बँक म्हणते आधी दोन्ही कागद दाखव. वर्षाअखेरची ठरलेली सूट आधीच माहीत असते, म्हणून ती बहुधा येण्यांतून थेट वजा होते आणि टक्केवारीत धरली जात नाही.

खरी मेख टक्केवारी काढण्यात आहे. वर महिन्याच्या क्रेडिट नोटा, खाली विक्री. पण विक्री कोणत्या महिन्याची? कापसाच्या हंगामावर हे बसवून पाहा. जिनिंगने जानेवारीत 4 कोटींची रुई विकली, मार्चमध्ये 1 कोटीची. जानेवारीच्या मालावरचे 6 लाखांचे क्लेम मार्चमध्ये आले. खाली मार्चची विक्री धरली तर कटती 6 टक्के. जानेवारीची धरली तर दीड. माल, गिरणी, क्लेम सगळं तेच. दिवाळीनंतर याच्या उलट होतं: विक्री एकदम फुगते, क्लेम अजून यायचे असतात, आणि वाईट जिनिंगही कागदावर सोज्वळ दिसते.

हा नुसता कारकुनी तिढा नाही. बँक किती पैसे हातचे राखणार, ते यावरच ठरतं. मोठ्या व्यवहारांतलं रूढ सूत्र साधारण असं चालतं: बारा महिन्यांची सरासरी घ्यायची, तिला दोन-अडीचने गुणायचं, मग सर्वांत वाईट टक्केवारी सरासरीच्या जितकी वर, त्याला ती सरासरीच्या जितकी पट तेवढ्याने गुणून पहिल्या आकड्यात मिळवायचं. त्यापुढे किती महिन्यांच्या विक्रीला हे लावायचं त्याचं एक गुणोत्तर येतं. ते इथे एक धरू. सरासरी दीड टक्का, गुणक दोन. सर्वांत वाईट महिना 2 टक्क्यांचा असेल तर राखीव सुमारे 3.67 टक्के होतं. तोच महिना चुकीच्या भाजकामुळे 6 टक्क्यांचा दिसला, तर दोन गुणिले दीड म्हणजे 3, अधिक साडेचार गुणिले चार म्हणजे 18, एकूण 21 टक्के. 1 कोटीच्या बिलांवर एकीकडे 3 लाख 67 हजार अडकतात, दुसरीकडे 21 लाख. म्हणून मी करार हाती आला की व्याजदराच्या आधी ही व्याख्या उघडतो.

एवढं वाचून इकडे रामराज्य आहे असं कोणी समजू नये. ही सगळी मोजणी बँक स्वतःसाठी करते. करारावर ‘विकणाऱ्यावर जबाबदारी नाही’ असं असलं, तरी ते खरेदीदाराच्या दिवाळखोरीपुरतंच. कटतीची रक्कम विकणाऱ्याला मिळालीच असं मानून त्याच्याकडून भरून घेतली जाते. लहान इंग्रज कारखानदाराला हे सूत्र बघायलाही मिळत नाही. त्याला बिलाच्या ऐंशी-नव्वद टक्के उचल देतात, बाकीचं कशासाठी ठेवलं ते गुलदस्त्यात. तपासणीला क्रेडिट नोटांची फाइल उघडली, तर कारणांच्या यादीत सर्वांत फुगलेला रकाना बहुधा ‘इतर’ असतो. वणीची चिठ्ठी आणि तो रकाना सख्खे भाऊ शोभतील.

तरी फरक आहे. इथे कटतीला तारीख असते, मूळ बिलाचा नंबर असतो, आणि कोणीतरी परका माणूस येऊन ती तपासेल ही धास्ती असते. आपल्याकडे ट्रेड्सवर खरेदीदाराने बिल मान्य केलं की मग कटतीची सबब चालत नाही, हे चांगलंच आहे. पण म्हणून सगळी रस्सीखेच मान्यतेच्या आधी सरकते. क्लेम तुटेपर्यंत गिरणी बटणच दाबत नाही, किंवा कमी रकमेचं बिल करून आण म्हणते. लिलावात मग ते बिल धुतल्या तांदळासारखं दिसतं.

आणि गंमत म्हणजे यावरचा उतारा आपल्या कायद्यात 2006 पासून आहे. लघुउद्योगांच्या त्या कायद्यात मुदत मोजायला लागतात ती माल पोचल्या दिवसापासून. खरेदीदाराची हरकत असेल तर ती पोचल्यापासून 15 दिवसांत, लेखी हवी. तरच घड्याळ थांबतं आणि हरकत मिटली त्या दिवसापासून मोजणी होते. चाळिसाव्या दिवशी फोनवरून सांगितलेल्या ट्रॅशने घड्याळ थांबत नाही. थकलेल्या रकमेवर बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. 45 आकडा सगळ्यांना पाठ आहे, या 15 दिवसांबद्दल कुठल्या बैठकीत ऐकलंत? माझ्या मते पहिलं काम हेच: सौद्याच्या कागदावर ओलावा, ट्रॅश, वजन यांची मर्यादा आणि त्यापुढची कटती लिहायची, आणि क्लेम ज्या महिन्याच्या मालाचा त्याच महिन्याच्या विक्रीसमोर वहीत मांडायचा. चार हंगाम अशी वही असेल तर बँकेसमोर बसताना बोलायला काही हाती असतं.

लेखी सूत्र म्हणजे फार परकी गोष्ट नाही. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर 8 टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव, 12 पर्यंत त्या प्रमाणात कपात, त्यापुढे परत. शेतकरी मीटरवर भांडतो, बरोबरच करतो, पण भांडायला त्याच्याजवळ एक आकडा असतो. आता कडू बोलतो. त्याच शेतकऱ्याची गाडी खासगी जिनिंगच्या आवारात आली, की ढिगात हात घालून "ओला हाय, काका" म्हणत दोन-तीनशे रुपये क्विंटलमागे कोण उतरवतं? गिरणीकडे लेखी मागायचं असेल, तर आपल्या फाटकावरही लेखी द्यावं लागेल. भावाला हे रुचलं नाही.

त्याचा खरा आक्षेप मात्र बिनतोड होता: कागद मागितला की गिरणी पुढचा लॉट आदिलाबादहून उचलेल. ही भीती इथल्या पुरवठादारांनाही होती. ब्रिटनमध्ये मोठ्या किराणा साखळ्यांवर 2013 पासून स्वतंत्र लवाद अधिकारी आहे, आणि तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. 2016 मध्ये त्याच अधिकाऱ्याने टेस्कोवर पुरवठादारांचे पैसे लांबवल्याचा, बिलांतून परस्पर रकमा कापल्याचा ठपका ठेवला. लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या आपल्या सुविधा परिषदेकडचा अर्ज सुरू होतो तोच अर्जदाराच्या नावाने, आणि त्याची प्रत सरळ गिरणीच्या टेबलावर जाते. नाव न सांगता एखाद्या खरेदीदाराच्या कटतीच्या रीतीचीच चौकशी मागता येईल, एवढी सोय त्या परिषदेला द्या. नागपूरच्या अधिवेशनात कापसावर दरवर्षी बोलणाऱ्या आमदारांपैकी एकाने एवढी मागणी केली, तर वणीतल्या आणि हिंगणघाटातल्या जिनिंगवाल्यांना ती नवी मुदत मागण्यापेक्षा जास्त कामाची आहे.