नटाची ओळख करून देता, का उत्पन्नाचा दाखला वाचता?

पहाटे पाचला नाटक सुटलं, घरी आले, अजून पाठ टेकलेली नाही. डोळे चुरचुरताहेत. पण हे आधी लिहून टाकते, नाहीतर दिवसभर आईवर चिडचिड होईल.

आम्ही झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातले. काल आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. लेकीबाळी माहेरी आलेल्या, घराघरात पाहुणे, रात्री नाटक. पडदा उघडायच्या आधी नेहमीचे सत्कार. माइकवाल्या पाहुण्यांनी आधी मुंबईहून आलेल्या कलाकाराची ओळख करून दिली. अमुक मालिका, तमुक सिनेमा, इतकी वर्षं या क्षेत्रात. टाळ्या. मग वळले आमच्या इकडच्या खलनायकाकडे. "आणि हे बघा, दोन एकर धान, घरची परिस्थिती हलाखीची, दहावी नापास. दिवसा लोकांच्या बांधीत मजुरी, आणि रात्री ही कला!" परत टाळ्या, जरा जास्तच. तो माणूस मिशी चिकटवून, फेटा बांधून तिथंच उभा. ज्याला पुढच्या दहा मिनिटांत सगळ्या मंडपाला धाक दाखवायचा आहे, त्याच्या दहावीचा निकाल यांनी माइकवरून सांगितला.

एकाची कामं सांगितली, दुसऱ्याची गरिबी. माझा राग एवढाच आहे.

माझा मामा 26 सीझन खलनायक होता. सीझन म्हणजे काय हे आपल्याकडच्यांना सांगायची गरज नाही, भाऊबीज ते होळी. धान कापायला आलेलं आणि वडशाची, म्हणजे जिथे इकडच्या नाटक कंपन्या आहेत तिथली, गाडीही दारात आलेली, हे दरवर्षीचं. रात्री दहा-साडेदहाला पडदा, पहाटे शेवटचा अंक, मग सुमोत एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून घरी. एकदा, मी अकरा वर्षांची असेन, तो असाच सकाळी आला आणि तोंडावर पाणी मारून थेट धान खरेदी केंद्रावर काटा, म्हणजे धानाचं वजन, करायला गेला. मीही ट्रॅक्टरवर पोत्यांवर बसून गेले. त्याच्या कानामागे रंग तसाच होता. तिथल्या माणसाने तो पाहिला. "काय गा, तूच नं रातचा पाटील? बोल मंग एक डायलॉग, मंग करतो तुया काटा." रांगेतले सगळे हसले. मी पोत्यांच्या मागे जाऊन बसले.

काल ते भाषण ऐकताना तीच पोती आठवली.

नटाची कारकीर्द आपल्याकडे कशी घडते हे त्या पाहुण्यांना माहीत नाही असं नाही, त्यांच्या गावातही नाटक होतं. कोणी लहानपणी दंडारीत, म्हणजे इकडच्या लोकनाट्यात, नाचतो. कोणी गावातल्या मंडळाच्या नाटकात बालकलाकार म्हणून उभा राहतो. मग कंपनीत हवालदार, नोकर, दोन वाक्यांची कामं. एखाद्या रात्री विनोदी नट आजारी पडतो आणि याला ढकलतात. लोक हसले, तर पुढच्या वर्षी वडशात मंडळं नाटक ठरवायला येतात तेव्हा विचारतात, तो आहे का? तिथून त्याची नाईट, म्हणजे एका रात्रीचं मानधन, ठरते. आणि नाईट कोणी दया म्हणून वाढवत नाही. शिवाय नाटक बसवायला दिवस किती मिळतात? प्रॉम्प्टरच्या कुजबुजीवर कान ठेवून, माईक कुठे आहे ते बघून, समोर रग पांघरून बसलेल्या हजारो माणसांना जागं ठेवायचं. एका रात्री सासरा, दुसऱ्या रात्री दरोडेखोर, गाव वेगळं, नाटक वेगळं. ही शिकलेली विद्या आहे. "उपजत कला" म्हणून सोडून देऊ नका.

गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीचे, झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 ला पद्मश्री मिळाली. 5000 च्या वर प्रयोग, 800 भूमिका. आठशे! त्या आकड्यापुढे मोठमोठ्या नटांनी कान पकडावेत. आणि आमच्या ग्रुपवर त्या दिवशी काय फिरत होतं? "एका साध्या शेतकऱ्याला पद्मश्री." अरे, शेतीसाठी दिली का? शेतकरी असण्यात कमीपणा नाही, मीही धानाच्या घरातलीच. पण पुरस्कार रंगभूमीचा, तर आधी रंगभूमी बोला.

बरं, मान्य. मुंबईचं नाव पोस्टरवर असलं की तिकिटं जातात. मंडळाने मंडपाचे, लाइटचे पैसे कुठून काढायचे? आणि आलेल्यातले काही जण खरंच जीव तोडून काम करतात, कालचाही करत होता. त्याच्यावर राग नाही. तो बिचारा थंडीत कुडकुडत होता, त्याला आमच्याच खलनायकाने आपली शाल दिली.

हेही मान्य की नाटकाच्या नावाखाली मध्येच नाच घुसवतात आणि कथा कुठच्या कुठे जाते. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

बायकांचं तर विचारूच नका. कालच्या नाटकात आईचं काम करणारी ताई, तिची ओळख काय? "संसार सांभाळून कला जोपासणाऱ्या." झालं. सीझनभर वडशात भाड्याची खोली, लेकरू आजीजवळ, रोज रात्री वेगळं गाव. कोणत्या नाटकात काय केलं, एक शब्द नाही. तिसऱ्या अंकात तिने गाणं म्हटलं तेव्हा मागून तीनदा वन्समोअर आला, आणि ऑर्गनवाला तिच्याकडे बघून हसला. किती वर्षं एकत्र वाजवत-गात असतील, ते त्या हसण्यात होतं. हे सांगा ना माइकवरून.

(आमच्या शाळेतले एक गुरुजीही नाटकात होते. सोमवारी पहिल्या तासाला डुलक्या द्यायचे. हो, चूकच. पण कविता त्यांच्याइतकी कोणी शिकवली नाही.)

आता माझंच सांगते, कारण नुसतं दुसऱ्याला बोलून काय उपयोग. नागपूरला कॉलेजात असताना मैत्रिणींनी विचारलं, मामा काय करतो? मी म्हटलं, शेती करतो, हौस म्हणून नाटकात असतो. हौस! 26 सीझन, मामीच्या सोन्यापासून थोरल्याच्या फीपर्यंत ज्या नाईटच्या पैशांवर झालं, ती हौस. पटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतीवर, 2014 ला बंदी आली तेव्हा आमच्या गावात दिवसा शांतता असायची, पण रात्रीचं नाटक मंडळाने मोडलं नाही, आणि मामाच्या घरची चूलही त्यावरच चालली. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. तरी हौस म्हणाले. तेव्हा त्या माइकवाल्याला फार शिव्या द्यायचा मला हक्क नाही, हे लिहिता लिहिता लक्षात येतंय.

पोस्टरवाल्यांना मात्र एक विनंती. स्थानिक कलाकारांचे फोटो आधार कार्डाएवढे छापता ते छापा, पण खाली किती सीझन झाले तेवढं टाका. जागा लागत नाही.

आणि ती काट्याची गोष्ट अर्धीच सांगितली मी. मी पोत्यांच्या मागे बसले होते, म्हणून मामाचं तोंड दिसलं नाही, आवाज तेवढा आला. रातचाच आवाज, पाटलाचा.

"बोलतो नं जी साहेब. नाईट किती देता?"

रांग एकदम चूप. मग कोणीतरी शिट्टी मारली. काटेवाला हसला, पण त्यानंतर आमचा नंबर मागे-मागेच जात राहिला. मामा पोत्याला टेकून झोपून गेला, कानामागचा रंग तसाच. संध्याकाळी सहाला काटा झाला. साडेसहाला वडशाची गाडी रस्त्यावर येऊन हॉर्न वाजवत होती, आणि मामा मला म्हणाला, पावती आईजवळ दे, हरवू नको, आज सिंदेवाहीकडे जायचं आहे.